रणांगणावर राहिलेले नाव

इंग्लंडमधील ‘पिंक फ्लॉइड’ या विख्यात रॉक समूहाचे गायक व गीतकार रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये त्या समूहातून बाहेर पडले. १९९२ मध्ये त्यांचा ‘अम्यूज्ड टू डेथ’ हा ध्वनिसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील सारी गीते एकाच सूत्रात ओवलेली आहेत. शीर्षक सुचले ते नील पोस्टमन यांच्या १९८५ च्या ग्रंथावरून. दूरचित्रवाणी प्रत्येक गोष्टीची करमणूक करून टाकते, हा त्या ग्रंथाचा आशय होय. संग्रहाच्या मुखपृष्ठावर दूरचित्रवाणीसमोर बसलेले एक माकड आहे.

१९९१ चे आखाती युद्ध जगाने घरबसल्या पाहिले होते. या संग्रहातही एका गीतात पाणतीराच्या हल्ल्याचे वर्णन खेळाच्या सामन्याप्रमाणे केले जाते आणि ते करणारा आवाज अमेरिकेतील एका खऱ्या क्रीडासमालोचकाचा आहे. परमेश्वराला काय हवे आहे, हे जो तो आपापल्या सोयीने ठरवतो, असे सांगणारे गीत तर तीन भागांत येते. ते ऐकताना भाविक मन प्रथम दुखावते. परंतु परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा आपलीच आहे. रणभेरीवर ते नाव कोरणाऱ्यांना कवीने जाब विचारला, तर आम्ही त्याच्यावर का रागवावे?

तथापि, या कृतीचे खरे मोल आम्हांस तिच्या आरंभी व शेवटी आढळते. तेथे गायकाचा नव्हे, तर पहिल्या महायुद्धातील एका वृद्ध सैनिकाचा आवाज ऐकू येतो. आल्फ रॅझेल हे रॉयल फ्यूजिलिअर्स या पलटणीतील. बिल हबर्ड हा त्यांचा जुना सोबती जबर जखमी होऊन पडला होता. त्याने त्यांना ओळखून हाक मारली. रॅझेल यांनी त्याला उचलून नेण्याचा प्रयत्न केला. पण वेदना असह्य होऊन तो खाली ठेवण्याची विनवणी करू लागला. पुन्हा उचलले, पुन्हा तेच. अखेर दोन सैन्यांमधील त्या ओसाड पट्ट्यात त्याला सोडून यावे लागले.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणूस उतारशाळेत पोहोचतो. येथे तो पोहोचला नाही. आणखी काही करता आले असते काय, हा प्रश्न रॅझेल यांनी आयुष्यभर वाहिला. १९८४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर त्यांनी हबर्डचे नाव वाचले आणि मनावरचा भार हलका झाला. इतकी वर्षे दुःस्वप्न होऊन छळणारा सोबती त्यांना पुन्हा माणूस म्हणून भेटला.

वॉटर्स यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हेही रॉयल फ्यूजिलिअर्समध्येच अधिकारी होते. १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील आंझिओच्या लढाईत ते पडले, तेव्हा रॉजर अवघे पाच महिन्यांचे होते. वडिलांची कबर कोणास ठाऊक नाही. कसिनो येथील स्मारकावर केवळ नाव आहे. पुत्राने हा संग्रह अर्पण केला आहे तो मात्र बिल हबर्ड यांना.

२ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतो. पडद्यावरील युद्धात मेलेल्यांची केवळ संख्या कळते. नाव कळत नाही. ज्याचे नाव आपण घेतो, त्याच्या मरणाची करमणूक होऊ शकत नाही. इतिहासलेखनाचे पहिले कर्तव्यही आम्हांस हेच वाटते.