‘नर्स’ या नावाचा हक्क : ब्रिटनमधील परिचारिका-नोंदणीचा कायदा आणि तोतयेगिरीचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ‘तोतया’ हा शब्द नवा नाही. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या व १७७६ मध्ये देहान्त शिक्षा झालेल्या इसमाचे प्रकरण सुपरिचित आहे. तेथे तोतयाची पारख करणे तत्त्वतः तरी शक्य होते. कारण खरे भाऊसाहेब ज्यांनी पाहिले होते अशी माणसे पुण्यात हयात होती. परंतु एखादी व्यक्ती जेव्हा विशिष्ट माणूस असल्याचा नव्हे, तर विशिष्ट व्यवसायाची असल्याचा खोटा दावा करते, तेव्हा तिची तुलना कोणाशी करावयाची? खऱ्याची व्याख्या झाल्याशिवाय खोट्याची व्याख्या होत नाही. रुग्णालयात व रुग्णाच्या घरात ‘नर्स’ म्हणून वावरणाऱ्या अप्रशिक्षित स्त्रियांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये उभा राहिला, तो नेमका या अडचणीतून. तोतया वैद्यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले आहे, तेवढे तोतया परिचारिकांच्या इतिहासाकडे गेलेले दिसत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा प्रामुख्याने ब्रिटनच्या संदर्भात, व जेथे प्रत्यक्ष संबंध आहे तेथे मुंबई इलाख्याच्या संदर्भात, घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नोंदवहीपूर्वीची स्थिती

चार्ल्स डिकन्स याच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३–४४) या कादंबरीतील सेअरी गॅम्प हे पात्र इंग्रजी समाजात इतके रुजले, की तिच्या हातातील जाडजूड छत्रीस ‘गॅम्प’ हेच नाव पडले. दारूचा शौक असलेली, बाळंतपण, रुग्णसेवा आणि प्रेताची तयारी ही तिन्ही कामे करणारी ही बाई पुढील अर्धशतकभर अडाणी परिचारिकेचे प्रतीक म्हणून सुधारकांनी वापरली. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मिसेस गॅम्प ही तोतया नव्हती. तिच्या काळी नर्स म्हणजे आजाऱ्यापाशी बसणारी बाई, एवढाच अर्थ होता आणि ती खरोखरच आजाऱ्यापाशी बसत होती.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले आणि हा अर्थ पालटू लागला. प्रशिक्षित परिचारिकेस प्रतिष्ठा लाभली, तिच्या गणवेशास ओळख लाभली आणि त्याबरोबरच त्या गणवेशाची नक्कल करण्यात लाभ दिसू लागला. काही महिन्यांतच रुग्णालयातून काढून टाकलेली शिकाऊ मुलगी खासगी घरांत पूर्ण प्रशिक्षित म्हणून रुजू होऊ शकत असे. तिला रोखणारी कोणतीही सार्वजनिक यादी नव्हती. प्रत्येक रुग्णालयाचे प्रमाणपत्र निराळे, प्रशिक्षणाचा काळ निराळा. प्रतिष्ठा आधी आली आणि नोंदणी फार उशिरा. मधल्या सहा दशकांत तोतयेगिरीस मोकळे रान मिळाले.

नोंदणीचा वाद

१८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या प्रवर्तक एथेल बेडफर्ड फेनविक या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी त्या पदावर नेमल्या गेलेल्या या बाईंनी तेथे तीन वर्षांचे प्रशिक्षण रूढ केले होते. डॉक्टरांसाठी १८५८ च्या कायद्याने जशी राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली, तशीच परिचारिकांसाठीही असावी, ही त्यांची मागणी.

या मागणीस सर्वांत वजनदार विरोध केला तो खुद्द नाइटिंगेलबाईंनी. परीक्षेने ज्ञान मोजता येते, शील मोजता येत नाही; आणि एकदा नोंदवहीत चढलेले नाव ती बाई पुढे कशीही वागली तरी जनतेस खात्रीचे वाटत राहील, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. या युक्तिवादास केवळ जुनाट म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. नोंदवही खोट्या दावेदारास बाहेर ठेवते, पण आत शिरलेल्याविषयी अवाजवी विश्वासही निर्माण करते, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते. रुग्णालयांच्या व्यवस्थापकांचा विरोध मात्र इतका तात्त्विक नव्हता. लंडन हॉस्पिटलसारखी संस्था दोन वर्षांच्या शिक्षणानंतर प्रमाणपत्र देई आणि आपल्या परिचारिका खासगी घरांत पाठवून त्यातून उत्पन्न मिळवी. तीन वर्षांची अट कायद्यात आली असती, तर हा व्यवहारच अडचणीत आला असता.

१८९३ मध्ये फेनविकबाईंच्या संघटनेस राजसनद मिळाली खरी, पण तीत ‘नोंदवही’ऐवजी ‘यादी’ ठेवण्याचीच मुभा होती. वरवर पाहता हा शब्दच्छल. प्रत्यक्षात सारा वाद या दोन शब्दांमधील अंतराचाच होता. यादीत नाव नसलेल्या बाईस कोणीही जाब विचारू शकत नव्हते. दरम्यान वसाहती पुढे गेल्या. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीने १८९१ मध्येच परिचारिकांच्या सरकारी नोंदणीची तरतूद केली, तर न्यूझीलंडने १९०१ मध्ये केवळ परिचारिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडमध्ये सुईणींचा कायदा १९०२ मध्ये झाला. हाउस ऑफ कॉमन्सच्या निवड समितीने १९०५ मध्ये परिचारिका-नोंदणीस अनुकूल अहवाल दिला, तरी विधेयके अडत राहिली.

ही कोंडी पहिल्या महायुद्धाने फोडली. व्हॉलंटरी एड डिटॅचमेंटच्या हजारो स्वयंसेविका, त्यांतील अनेक उच्चकुलीन, प्रथमोपचार व गृहशुश्रूषेच्या जुजबी शिक्षणावर रुग्णालयांत दाखल झाल्या. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लोकांच्या दृष्टीने पांढरा एप्रन घातलेली प्रत्येक स्त्री ‘नर्स’ झाली आणि तीन वर्षे वॉर्डात घालविलेल्या परिचारिकांना आपल्या नावास कायद्याचा आधार नसल्याची जाणीव तीव्रतेने झाली.

१९१९ चा कायदा आणि त्यातील फट

डिसेंबर १९१९ मध्ये नर्सेस रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट संमत झाला. जनरल नर्सिंग कौन्सिल स्थापन झाले, १९२१ मध्ये नोंदवही उघडली आणि तीत पहिले नाव एथेल बेडफर्ड फेनविक यांचे नोंदविले गेले. बत्तीस वर्षांच्या झगड्यानंतर त्यांनी हा मान सोडला नाही, यात नवल नाही. पूर्वीपासून काम करणाऱ्यांना ठरावीक अनुभवाच्या आधारे प्रवेश देण्यात आला व ती अट १९२३ मध्ये आणखी सैल झाली.

कायद्याने नोंदणी नसताना नोंदणीकृत परिचारिका असल्याचे भासविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या वेळी दहा पौंडांपर्यंत आणि पुढे पन्नास पौंडांपर्यंत दंड. परंतु संरक्षण मिळाले ते ‘नोंदणीकृत परिचारिका’ या जोडशब्दास. नुसता ‘नर्स’ हा शब्द पूर्वीसारखाच कोणालाही मोकळा राहिला. मुले सांभाळणाऱ्या दाईसही इंग्रजीत ‘नर्स’च म्हणत असल्याने या शब्दावर कुंपण घालणे विधिमंडळास अवघड वाटले असावे. ही भाषिक सवलत किती महागात पडू शकते, हे नॉटिंगहॅममधील एका खटल्याने दाखवून दिले.

नॉटिंगहॅमचे प्रकरण, १९३५–३६

डोरोथिया वॉडिंगहॅम ही स्त्री नॉटिंगहॅमच्या डेव्हन ड्राइव्ह भागात आपल्या राहत्या घरी वृद्ध व दुर्धर रुग्णांना ठेवून घेत असे. सारा परिसर तिला ‘नर्स वॉडिंगहॅम’ म्हणून ओळखे. तिचा रुग्णसेवेशी पूर्वसंबंध एवढाच, की तरुणपणी तिने एका इन्फर्मरीत वॉर्डातील मोलकरणीचे काम केले होते. फसवणूक व चोरीबद्दल तिला पूर्वी शिक्षाही झालेली होती. तिच्याबरोबर रोनाल्ड सुलिव्हन हा तिचा सहचर राहत असे.

जानेवारी १९३५ मध्ये लुइसा बॅगली ही नव्वदीच्या घरातील वृद्धा आणि पक्षाघातसदृश आजाराने पंगू झालेली तिची मध्यमवयीन मुलगी एडा या दोघी तेथे राहावयास आल्या. दोघींची सेवा जिकिरीची होती आणि मिळणारे पैसे बेताचे होते. एडाने आपले मृत्युपत्र बदलून, उभयतांची मरेपर्यंत शुश्रूषा करण्याच्या मोबदल्यात आपली मिळकत वॉडिंगहॅम व सुलिव्हन यांच्या नावे केली. मे महिन्यात आई वारली. त्या वयात कोणास संशय आला नाही. ११ सप्टेंबर रोजी एडाही वारली.

प्रकरण उघडकीस आले ते एका पत्रामुळे. आपल्या देहाचे दहन व्हावे आणि आपल्या मृत्यूची वार्ता नातलगांस कळवू नये, अशा आशयाचे हे पत्र सुलिव्हनच्या अक्षरातील असून त्याखाली एडाची सही होती. त्या काळी इंग्लंडमध्ये दहन फारसे रूढ नव्हते आणि त्यास वैद्यकीय परवानगी लागे. ती परवानगी ज्यांच्या हाती होती ते शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. सिरिल बँक्स कायद्याचेही जाणकार होते. सदर घर नोंदणीकृत शुश्रूषागृह नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दहन थांबवून शवविच्छेदन करविले. देहात मॉर्फिन सापडले. पुढे उकरून काढलेल्या आईच्या देहातही तेच आढळले.

फेब्रुवारी १९३६ च्या खटल्यात वॉडिंगहॅमने बचाव मांडला, की मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांनीच आपल्या हाती दिल्या होत्या. डॉक्टरांनी ते साफ नाकारले. सुलिव्हनची मुक्तता झाली. ज्यूरीने दयेची शिफारस केली असतानाही १६ एप्रिल १९३६ रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगात वॉडिंगहॅमला फाशी देण्यात आले. पाठीमागे पाच मुले राहिली.

इतिहासाच्या दृष्टीने खुनाहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. खून झाला नसता, तर ‘नर्स’ हे नाव धारण केल्याबद्दल या बाईस १९१९ च्या कायद्याखाली एक पेनीचाही दंड होऊ शकला नसता. आपण नोंदणीकृत आहोत असे म्हणण्याची तिला गरजच पडली नव्हती; तसे तिला कोणी विचारलेही नसावे. नोंदणीकृत आणि बिगरनोंदणीकृत हा भेद परिचारिकांच्या सभांतून जेवढा स्पष्ट होता, तेवढा तो रुग्णाच्या खाटेपाशी कधीच नव्हता. शिवाय दोन पंगू स्त्रियांना अल्प पैशांत कायमचे ठेवून घेईल अशी दुसरी जागा होती कोठे? प्रशिक्षित सेवा ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्या वर्गाच्या गरजेवर ‘नर्स वॉडिंगहॅम’सारख्यांचा व्यवहार चालत होता.

ही फट अखेर १९४३ च्या नर्सेस अ‍ॅक्टने बुजविली. नुसत्या ‘नर्स’ या नावाचा वापरही नोंदविलेल्यांपुरता मर्यादित झाला. मुले सांभाळणाऱ्या नर्सना मात्र सूट मिळाली. त्याच कायद्याने अल्पप्रशिक्षित साहाय्यक परिचारिकांसाठी दुसरी सूची उघडली आणि परिचारिका पुरविणाऱ्या एजन्सींवर नियंत्रण आणले. यातील साहाय्यकांची तरतूद विशेष सूचक आहे. ज्यांना कालपर्यंत नकली म्हणून हिणविले जात होते, त्यांतील पुष्कळांना युद्धकालीन तुटवड्यामुळे कायद्याने आत घेतले.

मुंबई इलाखा व महाराष्ट्र

भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचे कायदे केले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायदा आला. तो बऱ्याच अंशी १९२७ च्या इंग्रजी कायद्याच्या, म्हणजेच डॉ. बँक्स ज्याच्या आधारे डेव्हन ड्राइव्हकडे संशयाने पाहू शकले त्या कायद्याच्या, धर्तीवर होता. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने शिक्षणाचा दर्जा देशभर समान राखण्याची व्यवस्था केली; नोंदणी व खोट्या दाव्यांचा बंदोबस्त मात्र राज्यांच्या कायद्यांवर, महाराष्ट्रात पुढे १९६६ च्या कायद्यावर, सोपविला गेला.

तथापि इंग्लंडमधील कायद्यांची भाषा उसनी आणता आली, तरी तेथील परिस्थिती आणता येत नव्हती. भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. अशा देशात बहुसंख्य रुग्णांनी खरी परिचारिका पाहिलेलीच नव्हती. मग खोटी ओळखणार कशी? मराठी व्यवहारभाषेने येथे आपली सोय करून घेतली. रुग्णालयात गणवेशातील कोणतीही तरुण स्त्री ‘सिस्टर’ आणि झाडलोट व रुग्णांची उठबस करणारी ‘मावशी’ ही विभागणी सर्वत्र ऐकू येते. ‘परिचारिका’ हा शब्द कागदोपत्रीच राहिला. छोट्या खासगी दवाखान्यात सुई टोचणारी मुलगी स्वतःविषयी काहीच खोटे बोलत नाही. रुग्णच तिला ‘सिस्टर’ म्हणतो आणि मालक त्याचा गैरसमज दूर करीत नाही. हा दावा नक्की कोणाचा, हे ठरविणे दंडविधानास कठीणच जाते.

२०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली असून नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत फ्लोरिडातील तीन परिचर्या विद्यालयांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे उघड झाले. त्या विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे २,४०० जण परवान्याची राष्ट्रीय परीक्षा मात्र स्वतः बसून उत्तीर्ण झाले होते. म्हणजे त्यांची नावे नोंदवहीत होती, परीक्षेतील गुण खरे होते आणि वॉर्डातील प्रशिक्षण तेवढे झालेले नव्हते. ब्रिटनमध्ये १९४३ ची व्यापक तरतूद पुढील कायद्यांत टिकली नाही आणि संरक्षण पुन्हा ‘नोंदणीकृत परिचारिका’ या जोडशब्दापुरते उरले. ‘नर्स’ या एका शब्दास कायद्याचे संरक्षण देण्याचा इरादा तेथील सरकारने मे २०२५ मध्ये नव्याने जाहीर केला.