पूर, वाळू आणि टिटवी

वाईच्या कृष्णाकांठीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं ढोल्या गणपतीचें देऊळ उभारलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, टोंकदार आहे. पुराचें पाणी तीवर येऊन दुभंगावें, हा तिचा हेतु. पुराचें सामर्थ्य त्या काळच्या गवंड्यांनीं असें ओळखलें होतें. परंतु देवळाचा वैरी असलेला हाच पूर नदींतल्या पांखरांचें अंगण झाडून देत असे.

टिटवी, कंठेरी चिखल्या आणि नदी-सुरय हे पक्षी झाडावर घरटें बांधीत नाहींत. उन्हाळ्यांत पात्र आटलें, कीं उघड्या वाळूंत किंवा गोट्यांत उथळ खळी करून ते अंडीं घालतात. अंड्यांचा खड्यांसारखा रंग हेंच त्यांचें कवच, आणि चहूंकडे मोकळी दृष्टि हाच पहारा. भोंवतीं झुडपें माजलीं, तर मुंगूस नि कोल्हे आडोशानें जवळ येतात. पंचतंत्रांतील टिटवीच्या जोडप्याचीं अंडीं समुद्रानें नेलीं. नदीवरच्या टिटवीला मात्र पाण्याचेंच साह्य होतें. दर पावसाळ्यांत पूर रोपटीं उपटून नेई आणि नवी वाळू पसरून जाई.

१९७० नंतरच्या दशकांत वाईच्या वरच्या अंगास धोमचें धरण झालें. शेतांना पाणी मिळालें, हा लाभ थोर खरा. तथापि धरणानें पूर आवरला, कीं नदीची झाडलोटहि मंदावते. मग अशा नद्यांच्या बेटांवर बेशरम आणि वेडी बाभूळ मूळ धरतात. त्यांतच वाळूचा उपसा झाला, किंवा ऐन विणीच्या दिवसांत अकस्मात् पाणी सुटलें, तर उरलींसुरलीं अंडींहि जातात. नदी-सुरयाची गणना २०२० पासून जगांतील धोक्यांत आलेल्या पक्ष्यांत होत आहे.

अमेरिकेंतील प्लॅट नदीचा अनुभव असाच आहे. धरणांमुळें तिचें पात्र आकसलें व त्यांत झाडी वाढली. तेव्हां २००७ पासून नेब्रास्का, कोलोरॅडो व वायोमिंग हीं राज्यें केंद्र सरकारासह बेटांवरील झाडोरा काढून सुरयाच्या कुळांतील पक्ष्यांसाठीं मोकळी वाळू राखूं लागलीं.

कृष्णेसारख्या नदीला यांतून घेण्याजोगा धडा साधा आहे. कांठचीं वाळुंज, करंज व उंबर हीं झाडें दरड धरून ठेवतात. त्यांना हात लावूं नये. पात्रांतील बेटांवरचीं झुडपें तेवढीं पावसाळा सरल्यावर, फाल्गुनापूर्वीं उपटावीं. एकदां पक्षी अंड्यांवर बसला, कीं तेथें पाऊल टाकूं नये. पूर आवरणाऱ्या माणसानें पुराचें हें एक काम तरी आपल्या शिरीं घेतलें पाहिजे.