निस्तार ते परवाना

भंडाऱ्याच्या महसुली बोलीत ‘निस्तार’ हा शब्द अजून चालतो. गावच्या मोकळ्या जमिनीवर गुरं चारणं, सरपण आणणं, याचे नियम निस्तारपत्रकात. पाणी, वहिवाट, मासेमारीच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये. १९६६च्या महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५ त्यांचीच. मोळी घरच्या चुलीपुरती, बाजारासाठी नव्हे, हा निस्ताराचा जुना अर्थ.

मराठी विकिपीडियावरच्या भंडारा जिल्ह्याच्या लेखाखालची परवान्याची बारीक ओळ मला याच घराण्यातली वाटते. १ मे २००३ला हा विकिपीडिया सुरू झाला तेव्हा त्यातल्या मजकुराचा परवाना होता ‘जीएफडीएल’. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने मार्च २०००मध्ये तो काढला, सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी. प्रत काढा, बदला, विकासुद्धा. पण परवान्याचा अख्खा मजकूर सोबत जोडा. तीनशे पानी पुस्तिकेत ते खपून जातं. शाळेच्या फलकावर जिल्ह्यातल्या पवनीचा दोन पानी लेख लावायचा, तर लेखापेक्षा शेपूटच लांब!

डिसेंबर २००२मध्ये आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ‘शेअर अलाइक’ परवान्याला नाव आणि दुवा पुरतो: श्रेय द्या, बदल केल्याचं सांगा, नवा मजकूर त्याच अटींवर सोडा. पण परवाना बदलायचा कसा? लिहिणारे हजारो, कित्येकांची ओळख म्हणजे नुसता आयपी क्रमांक. वाट निघाली ती जुन्या परवान्यासोबतच्या ‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ या शब्दांतून. फाउंडेशनने नोव्हेंबर २००८मध्ये १.३ आवृत्ती काढून १ ऑगस्ट २००९पर्यंत या नव्या परवान्याकडे स्थलांतराची मुभा दिली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने मतदान घेऊन जून २००९मध्ये उडी मारली. २०२३मध्ये विकिपीडियाने त्याच परवान्याची ४.० आवृत्ती स्वीकारली. म्हणून परवान्याच्या नावापुढचा आकडा कधी गाळू नये.

उद्या गावकऱ्यांनी मिळून आपल्या मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, माहिती लिहायला घेतली, तर परवाना पहिल्याच बैठकीत ठरवावा. मागाहून प्रत्येकाची संमती गोळा करत दारोदार हिंडावं लागतं. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा त्यात मिसळू नये. आणि निस्ताराच्या सवयीने कुणीतरी ‘विकायला मनाई’ची अट सुचवणारच. ती घातली की तो मजकूर विकिपीडियाला घेता येत नाही. मोळी नेली तर रान तेवढं उणं होतं, मजकुराचं तसं नाही, हे तिथे समजावून सांगावं लागेल.

या तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं प्रकरण मात्र वेगळं. कुठल्या तलावात कोणता मासा कधी अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक असतं. परवाना वाक्यांना लागतो, त्यातल्या माहितीला नाही. म्हणून या माहितीचं पान लिहायचं की नाही, हे आधी त्यांनाच विचारावं.