हरित वसईचे राजकारण : सत्ता बदलते, नकाशे बदलतात

वसई : केळी आणि फुलांच्या बागा, विहिरी, बावखले आणि खाजणे यांनी वेढलेला वसई तालुका मुंबईच्या उंबरठ्यावर असूनही दीर्घकाळ हरित राहिला. मुंबई महानगर प्रदेशाच्या १९७३च्या प्रादेशिक आराखड्यात येथील बराचसा भाग हरित पट्ट्यात होता. १९८८मध्ये राज्य शासनाने त्यात बदल करून नागरीकरणाचा मार्ग मोकळा केला आणि १९९०मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. तेव्हापासून वसईच्या राजकारणाचा केंद्रबिंदू जमीन आणि पाणी हाच राहिला आहे.

दोन विचार

इमारतींच्या बांधकामासाठी विहिरींतून होणाऱ्या बेसुमार उपशाविरोधात १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. गोडे पाणी संपले की विहिरींत खारे पाणी शिरते आणि बागायत संपते, हे शेतकऱ्यांनी अनुभवले होते. दुसरीकडे, मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग लोकलच्या आधाराने येथे स्थिरावत होता. त्याला घर, नळाचे पाणी आणि रस्ते हवे होते. १९९०मध्ये काँग्रेसतर्फे प्रथम विधानसभेत गेलेले व पुढे बहुजन विकास आघाडीचे नेतृत्व करणारे हितेंद्र ठाकूर यांचे राजकारण या शहरी विकासाभोवती वाढले. पक्षीय विचारसरणीपेक्षा 'शहर की गाव' हीच येथील खरी विभागणी ठरली.

२९ गावांचा प्रश्न

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका स्थापन झाली. त्यास पश्चिम पट्ट्यातील अनेक गावांनी विरोध केला. त्याच वर्षी या मुद्द्यावर विवेक पंडित वसईतून आमदार झाले. २०११मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका न्यायालयात गेली आणि अंमलबजावणी अडकली. पुढे एकनाथ शिंदे यांच्या सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये ही गावे महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना काढली. म्हणजे तेरा वर्षांत एकाच प्रश्नावर शासनाची भूमिका पूर्णपणे उलटली.

केवळ गावे वगळल्याने हरित पट्टा वाचतो, असेही नाही. प्रादेशिक आराखडा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण तयार करते. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात वसईचे हरित क्षेत्र धोक्यात आल्याचे सांगत नागरिकांनी हजारो हरकती नोंदविल्या. जमिनीचा वापर आणि चटईक्षेत्र निर्देशांक ठरविणारी लेखणी गावाबाहेर असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आरक्षण कागदावर

जुलै २०१८मध्ये वसई-विरार काही दिवस पाण्याखाली होते. मिठागरांतील वस्ती तर पूर्णपणे वेढली गेली. त्यानंतर निरी आणि आयआयटी यांच्या समितीने धारण तलावांसारखे उपाय सुचविले. परंतु असे तलाव बांधायचे तर आरक्षित जागा मोकळी राहायला हवी. नालासोपारा पूर्वेस मलनिःसारण प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या २०२४मधील आदेशानंतर त्या पाडण्यात आल्या. त्यात बेघर झाले ते आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेले रहिवासी. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्यासाठी ठेवलेली जागा अडली, त्याचा भार खाड्यांवर पडला तो वेगळाच.

२०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. निवडणुकीत आज प्रत्येक पक्ष 'हरित वसई'चा उल्लेख करतो. २०२४मध्ये वसईत ठाकूर यांचा पराभव होऊन भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित विजयी झाल्या. नेतृत्व बदलले, तरी मतदाराने विचारायचा प्रश्न तोच आहे : नकाशावर हिरवा दाखविलेला तुकडा पाच वर्षांनंतरही मोकळा राहील, याची जबाबदारी नेमकी कोणाची?