गुळाचा रंग व त्याची परीक्षा

इ. स. १८९५ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळास दूरच्या बाजारांची वाट मोकळी झाली. सौद्यात गुळाच्या रव्याचा रंग पाहून भाव करण्याचा प्रघात आहे. भेंडीच्या चिकाने मळी नीट निघाली म्हणजे गूळ सोनेरी उतरतो. म्हणून रंग ही गुळव्याच्या कौशल्याची खूण मानली गेली.

हायड्रॉस भुकटी गुऱ्हाळात शिरली आणि ही खूण फसवी ठरली. ही भुकटी म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट होय. ती रसातील रंगद्रव्यांचे क्षपण करून गूळ फिका पिवळा करते. साठवणीत तो पुन्हा काळवंडतो. परंतु सल्फर डायऑक्साइडचा अंश मागे उरतो आणि दम्याच्या काही रोग्यांस तो अपायकारक होतो. भारतीय मानकांनुसार त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ७० आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या १९२७ च्या पद्धतीत नमुना आम्लात उकळून निघणारा वायू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये धरतात व मोजतात.

जी गोष्ट रंगाची, तीच गंधाची. खाद्यपदार्थांस धुराचा वास देणाऱ्या आठ अर्कांची मान्यता युरोपीय संघाने २०२४ मध्ये पुढे चालू ठेवली नाही. जनुकीय अपायाची शंका तपासणीत फिटली नव्हती.

कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मानांकन स्थानाची ग्वाही देते, प्रत्येक रव्याच्या शुद्धतेची नव्हे. पेठ जोवर केवळ रंगास भाव देईल, तोवर रसायन टाळणारा गुळव्याच तोट्यात राहील.