नऊ एकतीसच्या आत

1 मे 2021, रात्री 1:30. उरले 80 तास.
दादाच्या फोनवर बातमी आली. भारतातून येणाऱ्यांना अमेरिकेची बंदी, 4 मेपासून. आपल्या घड्याळात सकाळी 9:31. बाबांना कोरोना झाल्याचं कळताच पाच दिवसांपूर्वी तो अमेरिकेहून गावी, रिठदला धावत आला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखा एकदम पुढे सरकल्या, तेव्हा त्यानेही अर्ज भरला होता. देशाबाहेर जायला लागणारं अॅडव्हान्स परोल अजून हाती नव्हतं. पण एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा चालू असला की अर्ज बाद होत नाही, त्या भरवशावर तो निघाला.

रात्री 3.
अंगणात वाळत घातलेल्या हळदीशेजारी बसून आम्ही सवलती वाचल्या. नागरिक, ग्रीन कार्डवाले, तिथल्या नागरिक असलेल्या लहान मुलांचे आईबाप. दादाची लेक पुण्यात जन्मलेली. इतकी वर्षं तिथे कर भरून रांगेत उभा असलेला माणूस यादीत कुठेच नव्हता. याचा संताप मला आजही येतो.

2 मे, पहाटे 4. उरले साडेत्रेपन्न.
वाशिमच्या दवाखान्यातून फोन. बाबा गेले.

सकाळी 11.
पीपीई किट घालून दादाने लांबूनच अग्नी दिला. डोळ्यांवरच्या काचेला आतून वाफ धरली होती. त्याला चिता नीट दिसलीही नाही.

दुपारी 2.
माय म्हणाली, "तू जाय बाबू. तेरवीचं आम्ही पाहू." विमानासाठी तीन दिवसांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. दादाने स्वॅब दिला.

3 मे, सकाळी 8.
जिल्हाबंदी होती. ई-पास काचेला चिकटवून निघालो. समृद्धी महामार्ग तेव्हा सुरू झाला नव्हता. मेहकर, सिंदखेडराजा करत मुंबई गाठायची होती.

दुपारी 12:40, जालन्याच्या अलीकडे. उरले जेमतेम 21.
रिपोर्ट पॉझिटिव्ह.
मी गाडी कडेला घेतली. दादाने पासपोर्ट पिशवीत ठेवला, चारही काचा खाली केल्या आणि म्हणाला, "तू मास्क नीट लाव."

4 मे, सकाळी 9:31.
तिसरा दिवस. चुलतभाऊ वाशिमला राख सावडत होता. दादा मळ्यातल्या खोलीत, मी बाहेर लिंबाखाली. दोघंही फोनवर पाहत होतो.

बंदी 8 नोव्हेंबरला उठली. वहिनी आणि लेक तिकडे, दादा इथे. तोवर सोयाबीन सोंगून झालं होतं.