उभ्या वाहनाचे इंजिन आणि दंडाचा कायदा : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

मोटार वाहनांच्या धुरासंबंधी भारतात झालेल्या कायद्यांचा इतिहास बहुधा धावत्या वाहनाच्या अंगाने सांगितला जातो. रस्त्याच्या कडेला, बसस्थानकावर किंवा बाजार समितीच्या आवारात जे वाहन उभे आहे, परंतु ज्याचे इंजिन विनाकारण सुरू आहे, त्याचा विचार या इतिहासात क्वचितच आढळतो. अशा वाहनाच्या चालकास दंड करता येतो काय, या साध्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मोठे चमत्कारिक आहे. चालक वाहन सोडून खाली उतरला असेल तर दंड होऊ शकतो. तोच चालक आसनावर बसून तासभर इंजिन सुरू ठेवीत असेल तर त्या कलमाखाली तो गुन्हेगार ठरत नाही. ही स्थिती कशी निर्माण झाली आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात तिचा अर्थ काय होतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

डोळ्यांना दिसणारा धूर :

ब्रिटिश राजवटीत धुराविरुद्ध झालेले प्रमुख कायदे महानगरांपुरते होते. बंगालमध्ये इ.स. १९०५ मध्ये आणि मुंबई इलाख्यात इ.स. १९१२ मध्ये धूर उपद्रवविषयक कायदे संमत झाले. त्यांचा रोख कारखान्यांच्या भट्ट्यांवर व धुराड्यांवर होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्यामुळे मुंबईच्या कायद्याशी वाशिमचा संबंध आला नाही. १९०५ हेच वर्ष वाशिमच्या प्रशासकीय इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जुना वाशिम जिल्हा मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यास आणि पुसद तालुका यवतमाळकडे जोडण्यात आला. पुढे ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, वाशिम पुन्हा जिल्हा झाला.

या प्रदेशाच्या आठवणीतला धूर म्हणजे आगगाडीचा धूर होय. मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद मापी मार्गावर कारंज्यावरून जाणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. तो धूर दुरून दिसे, अंगावरच्या कपड्यांवर काजळी बसे. मोटारीच्या धुराचे तसे नाही. त्यातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. जुना कायदा मात्र दिसणाऱ्या धुराच्याच कल्पनेत अडकलेला होता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने प्रांतिक सरकारांना वाहनांची बांधणी व देखभाल यांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यात धूर, दृश्य वाफ, ठिणग्या, राख, काजळीचे कण आणि तेल यांचा उल्लेख एका ओळीत येतो. वाफेला ‘दृश्य’ हे विशेषण लावणे कायदेकर्त्यांना आवश्यक वाटले, ही बाब बोलकी आहे.

थांबलेल्या वाहनाचे कलम :

उभ्या वाहनाविषयीची तरतूद याच कायदेपरंपरेतून आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२६ सांगते की, सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवायचे असल्यास चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे; नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन अपघाताने चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. हेतू उघड आहे. मोकळे सुटलेले वाहन कोणाच्या अंगावर जाऊ नये, एवढेच या कलमास हवे आहे. त्यात हवेचा विचार कोठेही नाही. स्वतंत्र शिक्षा नसल्याने कलम १७७ ची सर्वसाधारण शिक्षा लागू होते. ती पहिल्या गुन्ह्यास शंभर रुपयांपर्यंत दंड अशी होती, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा पाचशे रुपये झाली.

येथे इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील १९८६ च्या वाहन बांधणी व वापर नियमांत, वाहन उभे असताना आवाज व धूर टाळण्यासाठी आवश्यक तेथे इंजिन बंद करावे, असे स्पष्ट बंधन आहे. २००२ च्या नियमांनी स्थानिक संस्थांना त्यासाठी २० पौंडांचा दंड आकारण्याचा अधिकार दिला. भारतातील मोटार कायद्याची घडण मोठ्या प्रमाणात इंग्लंडच्या नमुन्यावर झाली. हा धागा मात्र इकडे उचलला गेला नाही.

तेलटंचाईपासून ‘पीयूसी’पर्यंत :

इंजिन बंद करण्याचा आग्रह भारतात प्रथम आला तो हवेसाठी नव्हे, पैशासाठी. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन बचतीस राष्ट्रीय महत्त्व आले आणि १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेची स्थापना झाली. सिग्नलवर इंजिन बंद करा, हा तिच्या प्रचारातील एक परिचित सल्ला होय. तो सल्लाच राहिला. न मानणाऱ्याचे नुकसान त्याच्या खिशापुरते होते.

१९८१ च्या हवा प्रदूषण अधिनियमाच्या कलम २० ने राज्य शासनास आणखी एक अधिकार दिला. प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, वाहनांच्या धुराची मानके पाळली जावीत यासाठी वाहन नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना देणे शासनास शक्य झाले. त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ आला आणि ‘पीयूसी’ प्रमाणपत्र सर्वांच्या परिचयाचे झाले. या नियमाने पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकी वाहनास ३ टक्के आणि दुचाकी व तीनचाकीस ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा घातली. ही मर्यादा मोजायची कधी? तर वाहन उभे आणि इंजिन मंद गतीने सुरू असताना, म्हणजेच ‘आयडलिंग’च्या अवस्थेत.

येथेच या इतिहासातील खरी विसंगती दिसून येते. उभ्या वाहनाचे सुरू इंजिन कायद्यास ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याने तर तीच अवस्था परीक्षेसाठी निवडली. परंतु परीक्षा यंत्राची झाली, वर्तनाची झाली नाही. प्रमाणपत्र जवळ असलेले वाहन कितीही वेळ सुरू ठेवून उभे करावे, त्याबद्दल विचारणा करणारे कोणी नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवरून जे प्रकरण चालले, त्यातही चर्चेचा भर जुनी वाहने, इंधनाचा दर्जा आणि टॅक्सींचे नैसर्गिक वायूवर रूपांतर यांवर राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने हवा व ध्वनी प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्या चालकास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी कठोर शिक्षा ठेवली. दंड दसपटीने वाढला, पण गुन्ह्याची व्याख्या तीच राहिली. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम सुरू झाली, तीही आवाहनाच्याच स्वरूपाची होती.

वाशिमचा संदर्भ :

महानगरात हा प्रश्न सिग्नलचा आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात तो बसस्थानकाचा, रेल्वे फाटकाचा आणि बाजार समितीचा आहे. सोयाबीनच्या हंगामात मोजमापासाठी लागलेली ट्रॅक्टर-मेटॅडोरची रांग हात हात पुढे सरकते आणि हमाल, अडते, शेतकरी त्या रांगेलगतच दिवसभर उभे असतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे २०१९ च्या योजनेतील शहरांच्या यादीत शेजारचे अकोला व अमरावती आहेत, वाशिम नाही. यादीत नाव नसणे म्हणजे धूर नसणे असा सोयीस्कर अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. बसस्थानकाच्या फलाटावर गाडीच्या मागील बाजूस उभ्या असलेल्या शाळकरी मुलीस शहराची वार्षिक सरासरी लागू पडत नाही.

चालक इंजिन बंद का करीत नाही, याची कारणे समजून न घेता दंडाची भाषा करणे मात्र अन्यायाचे ठरेल. जुन्या डिझेल गाडीची बॅटरी उतरलेली असते, ‘सेल्फ’ लागेल याची खात्री नसते, आणि एकदा बंद पडलेली गाडी भर स्थानकात प्रवाशांना उतरवून धक्का मारून सुरू करण्याची नामुष्की कोणत्याही चालकास नको असते. बस व ट्रक यांचे ब्रेक दाबाखालील हवेवर चालतात. ही हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. नळ्यांतून हवा गळत असेल तर इंजिन बंद करताच दाब उतरतो, आणि पुन्हा हवा भरेपर्यंत गाडी हलविता येत नाही. म्हणजे चालकाचा जो दोष दिसतो तो पुष्कळदा कार्यशाळेचा दोष असतो. एप्रिल-मे महिन्यांतील वऱ्हाडी उन्हाचे कारण निराळे. वातानुकूलित मोटारीत साहेबांची वाट पाहणारा चालक इंजिन सुरू ठेवतो ते बहुधा साहेब येताना गाडी थंड असावी म्हणून. अशा वेळी पावती नक्की कोणाच्या नावे फाडावी, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी गंभीर आहे.

इतर देशांनी हा पेच वेगवेगळ्या रीतींनी हाताळला. हाँगकाँगमध्येही उष्मा व चालकांची उपजीविका हे वादाचे मुद्दे होते. तेथे डिसेंबर २०११ पासून कोणत्याही साठ मिनिटांत तीन मिनिटांपेक्षा अधिक काळ इंजिन सुरू ठेवल्यास ३२० हाँगकाँग डॉलर दंड ठेवण्यात आला, मात्र काही प्रकारच्या वाहनांना व अतिउष्ण दिवसांना सवलती देण्यात आल्या. न्यूयॉर्क शहराने २०१८ च्या कायद्याने तक्रारदार नागरिकास दंडाच्या रकमेतील २५ टक्के हिस्सा देऊ केला. हा दुसरा मार्ग वाशिमसारख्या, माणसे एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या गावात कितपत रुजेल, याविषयी शंकाच आहे.

कायद्याची अडचण फार मोठी नाही. यांत्रिक वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ वाहतूक नियमनासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांना नियम करण्याचा अधिकार देते. परंतु एम.एच. ३७ क्रमांकाच्या काळी-पिवळी जीपवाल्यापासून दंडवसुलीस आरंभ झाला, तर ज्याची बॅटरी सर्वांत जुनी त्याच्यावर पहिला भार पडेल. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या आणि शासकीय कार्यालयांच्या मोटारी यांना हा क्रम उलटा लावता येईल. त्यांच्यासाठी नवा कायदा लागत नाही. आगारातील बॅटऱ्या, हवेच्या नळ्या आणि एक लेखी आदेश एवढ्यावर काम भागते.